माळावरचे दिवे

ऑफिसात तिला सगळे सणवाली म्हणत. मोबाइलवर खेळायच्या एका ऑनलाइन गेममध्ये सण बसवणं हे तिचं काम. गेम तसा साधाच होता. गाव वसवायचं, शेत पिकवायचं, शेजाऱ्यांशी देवाणघेवाण करायची. लोक कंटाळू नयेत म्हणून बाहेर एखादा सण आला की तो गेममधल्या गावातही यायचा. झाडांना कंदील लागायचे, आतषबाजी व्हायची, बक्षिसं वाटली जायची आणि मग सगळं गुंडाळून पुढच्या सणाची तयारी. अशा दिवशी खेळणाऱ्यांची झुंबड उडते, त्यामुळे सणवाली स्वतः ऑफिसातच अडकलेली असायची.

घरी वडील एकटे. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. मुळात मितभाषी, त्यात धाकटी मुलगी भर रस्त्यात गाडीखाली गेली आणि होतं तेवढंही बोलणं आटलं. घरात त्या धाकटीला चिमणी म्हणत. ते नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही, तिचा फोटोही कपाटात ठेवून दिला.

अशात एके दिवशी साहेबांनी नवी कल्पना काढली. गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस बहुतेक देशांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच, तर तो आपण गेममध्ये आणू. सणवालीनं जीव ओतून आखणी केली. गावाबाहेर मोकळा माळ. तिथं प्रत्येकानं एक दिवा लावायचा, त्यावर आपल्या माणसाचं नाव लिहायचं. बाकीच्यांनी त्या दिव्यांमधून हिंडायचं, वाटलं तर थांबायचं. बस्स.

साहेबांना ते आवडलं, पण दिवा लावून झाल्यावर लोक तिथं करणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी खेळात फुंकरीची सोय घालायला लावली. कोणीही कोणाचाही दिवा विझवावा. एक विझवला की पाच तारे मिळतील, आणि आपला विझलेला दिवा परत पेटवायला दहा तारे लागतील. सणवालीनं दोन बैठकांत विरोध केला. तिसऱ्या बैठकीत फुंकरीचा आवाज कसा असावा यावर चर्चा होती, तिथं ती मुकाट्यानं बसली. ‘शाब्बास! तुम्ही एक दिवा विझवलात’ हे वाक्यसुद्धा तिनंच लिहून दिलं.

माळ सुरू झाला त्या दिवशी वडिलांनी आपणहून विचारलं, तुमच्या त्या खेळात म्हणे नाव लिहिता येतं. तिनं त्यांच्या फोनवर गेम टाकून दिला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, चिमणी. सणवाली स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

पुढचे काही दिवस घरात बोलणं परतलं. आज चिमणीच्या शेजारी कोणाची तरी आजी आली, असं ते जेवताना सांगत. सणवालीला वाटलं, आपल्या हातून इतक्या वर्षांत एक तरी बरं काम झालं.

मग एका दुपारी ती लवकर घरी आली. चहाचे कप घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि सहज फोनकडे बघितलं. एका दिव्यावर नुसतं ‘बाळ’ लिहिलेलं होतं. वडिलांनी त्यावर बोट टेकवलं. दिवा विझला. ‘‘माफ करा,’’ ते पुटपुटले. तारे जमा झाले. ते पुढच्या दिव्याकडे वळले. पुन्हा बोट, पुन्हा माफ करा.

‘‘बाबा, हे काय करताय?’’

‘‘तिचा सारखा विझवतात गं. परत लावायला तारे लागतात.’’

‘‘शेत पिकवूनही मिळतात की.’’

‘‘त्याला वेळ लागतो. तोवर तिनं अंधारात राहायचं का?’’

तिनं कप खाली ठेवला आणि स्क्रीनकडे नीट बघितलं. माळभर दिवे विझत होते, पेटत होते. प्रत्येक विझवणाऱ्याचं आपलं एक माणूस त्याच माळावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं साहेबांना गाठलं. फुंकर काढून टाका म्हणाली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग स्क्रीन तिच्याकडे फिरवली. लोक गेममध्ये इतका वेळ आजवर कधीच रमले नव्हते. ‘‘माझ्या आईचाही दिवा आहे तिथं,’’ साहेब म्हणाले. ‘‘मीही विझवतोच ना दुसऱ्यांचे. खेळ आहे हा, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं.’’ निदान सण संपल्यावर दिवे तरी तिथंच राहू द्या, अशी तिनं गळ घातली. तेही जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या सणाचा बर्फ त्याच माळावर पडायचा होता.

ठरल्या दिवशी दिवे गेले. कंपनीत सणवालीच्या नावानं टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षी माळ आणखी मोठा करायचं ठरलं. ते काम मला नको, असं तिनं सांगितलं तेव्हा कोणी कारण विचारलं नाही. ते दुसऱ्याकडे गेलं.

दिवे गेले त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वडील फोन समोर ठेवून बसले होते. स्क्रीनवर पांढऱ्या माळावर कोणीतरी बर्फाचे गोळे फेकत होतं. चिमणीचा दिवा कुठं गेला, हे विचारतील म्हणून ती मनात उत्तर जुळवत होती. त्यांनी ते विचारलंच नाही.

‘‘मी ज्यांचे विझवले, त्यांना कळवता येतं का गं? की मुद्दाम नाही केलं म्हणून?’’

‘‘नाही, बाबा. ती नावं आता ठेवलेली नाहीत.’’

‘‘कोणाचीच?’’

‘‘कोणाचीच नाहीत.’’

त्यांनी मान हलवली, चष्मा काढून ठेवला आणि जेवायला काय आहे ते विचारलं. त्यानंतर त्या घरात चिमणीचा विषय निघाला नाही.