साडूंच्या घरचा भारद्वाज

पुण्यात हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती, तरी माझ्या साडूंच्या पंगतीला बसेल असा दुसरा इसम मला अजून भेटलेला नाही. जाणकाराने काही सांगितलं की ते शब्दशः पाळायचं आणि भोवतालच्या सगळ्यांना पाळायला लावायचं, हा त्यांचा बाणा. डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास चालायला सांगितलंय. फिरून लवकर परतले, तर उरलेली मिनिटं हा गृहस्थ जिन्यात वरखाली करून संपवतो. मग आत चहा गार होवो की पाहुणे उठून जावोत. बिबवेवाडीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्यामुळे हे प्रयोग मला रोज तिकीट न काढता बघावे लागतात.

गेल्या श्रावणात त्यांनी मांजराच्या तोंडून सोडवलेला एक भारद्वाज घरी आणला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी दुखावलेला पंख बांधून दिला आणि म्हणाले, "अंधार आणि शांतता हवी. जवळ एकाच माणसाने जायचं." झालं! आंब्याच्या पेटीला जाळी लागली, वर जुनी चादर पडली आणि मागची खोली बंद झाली. दारावरची बेल काढली, मिक्सर थांबला. कुकरच्या शिट्टीने पक्षी दचकतो म्हणून दोन्ही घरांचा वरणभात आमच्याकडे शिजू लागला. पहाटे साडू सोसायटीच्या बागेत ओणवे होऊन श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोगलगायी गोळा करायचे. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. त्यांनासुद्धा त्या खोलीत मज्जाव होता. "एकाच माणसाने म्हणजे एकाच," साडू म्हणाले.

आता भारद्वाज दिसणं हा केवढा शुभशकुन, हे काय सांगायला हवं? बातमी फुटली आणि माणसं दार वाजवू लागली. कुणाच्या मुलीला बघायला येणार होते, कुणाचा कोर्टात निकाल होता. "अहो, चादर जरा वर करा की!" साडू दार बोटभर उघडून विचारायचे, "तुम्ही आजारी होतात तेव्हा आम्ही तुमच्या दर्शनाला रांग लावली होती का?" माझ्या मुलीचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता, तीही गेली. "काका, एकच सेकंद, प्लीज! फोटोपण नाही काढणार." "तुझं त्याच्या कानावर घातलंय," साडू गंभीरपणे म्हणाले. "तो म्हणाला, तयारी कर." माझी बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली, पण कुकर दोन्ही घरांचा लागतच राहिला. मीही वैतागलो होतो. पण असल्या माणसापुढे डोकं आपटलं तर आपलंच फुटतं.

आणि मग ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. निघायच्या सकाळी मी त्यांची बॅग घ्यायला वर गेलो, तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. साडू पेटीपाशी उभे होते. चादरीचं टोक त्यांनी हातात धरलं होतं. "अगं, इकडे ये जरा," ते म्हणाले. "बघून घे एकदा." अख्ख्या इमारतीला दारातून परत पाठवणारा हा माणूस! ताई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "राहू द्या हो. पंख अजून कच्चा आहे ना त्याचा? उगीच घाबरेल. चला, रिक्षा थांबलीय." साडूंनी टोक सोडलं, चादर पुन्हा नीट खोचली.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई अजून दवाखान्यातच होत्या, तेवढ्यात पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, पंख सांधलाय, सोडा आता. साडूंनी त्याच दिवशी तळजाई टेकडीच्या झाडीत पेटी उघडली. भारद्वाज जड जड पंख मारत समोरच्या झुडपात शिरला. साडू बराच वेळ तिथेच उभे राहिले, आणि मलाही निघू या म्हणवेना.

हल्ली रोज सकाळी ते ताईंना घेऊन टेकडीवर जातात आणि दर झुडपापाशी वाकून बघतात. परवा मी म्हटलं, "अहो, ताई आता ठणठणीत आहेत. आता कशाला हवाय शकुन?"

"शकुन कसला!" ते माझ्यावर खेकसले. "इतके दिवस घरात होता, आणि हिला एकदा दाखवला नाही मी."

अजून तरी तो त्यांना दिसलेला नाही.