रुमालाखालचा हात

म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा भाव तोंडाने करत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून आकडा ठरवत. बाईचा हात त्या रुमालाखाली कधी गेला नव्हता. माझी आजी तर जन्मात बैलबाजारात उतरली नाही, देवाला लांबूनच हात जोडून परतायची.

मी सातवीत होते. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि आमचा खोंड विकायचा होता. त्याला व्याली आणि गाय मेली, तेव्हा आईने बोटाने दूध चाटवून त्याला जगवलं होतं. म्हणून ती हट्टाने काकांबरोबर बाजारात आली. गिऱ्हाईक मीच बघणार, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती माणसांची तोंडं बघतच नव्हती, त्यांच्या बैलांचे खांदे बघत फिरत होती. धसईच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जोडीला जुवाची एकही जखम नव्हती. आईने पदर हातावर ओढला आणि तो हात त्याच्यापुढे केला. म्हातारा जरा घुटमळला, पण त्यानेही हात पुढे केला.

तेवढ्यात मला माझ्या शाळेतल्या मुली येताना दिसल्या. लाजेने माझे कान तापले.

"आये, लोकं बघतात," म्हणत मी तिचा हात मागे ओढला.

काकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी दुसऱ्याच एका व्यापाऱ्याशी सौदा उरकला. त्याच्या बैलांच्या खांद्यांवर माशा घोंगावत होत्या. आईने खोंडाच्या कपाळावरून हात फिरवला आणि घरची वाट धरली. घरात चार बुकं शिकलेली मी एकटीच, आणि माती खाल्ली तीही मीच.

पुढे मी शहापूरकडे मास्तरीण झाले. बायांनी पुढे यावं म्हणून गावोगाव भाषणं ठोकली. काका थकले होते, तेव्हा गाय घ्यायला आईला मीच जत्रेत घेऊन गेले. तिने गाय पारखली, पसंत केली. व्यापाऱ्याने रुमाल काढला. मी म्हटलं, आये, आज तूच हात घाल.

तिने हात पदरात गुंडाळून घेतला.

"नको गो. लोकं बघतात."

टोमणा असता तर मी सुखाने ऐकून घेतला असता. पण तिला ते खरंच वाटत होतं.