फोटोतून कापलेला सिद्धप्पा

कुंभारीचा सिद्धप्पा बिराजदार सोलापुरातल्या एका कॉलेजात ग्राउंडवरचा शिपाई होता. १९९१ साली त्यानं मुरमावर चुन्यानं कोर्ट आखलं, वेल्डरच्या मागं लागून रिंगा करून घेतल्या, आणि फौजेतल्या चुलत्याकडून शिकलेला बास्केटबॉल पोरांना शिकवायला घेतला. तीन वर्षं संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला. चौथ्या वर्षी जोतिराम कॅप्टन असताना विभागीय चषक आला.

पुढं २००८ साली उदयसिंह सर क्रीडा संचालक म्हणून आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "शिपायानं झाडू मारावा, डोकं चालवू नये."

एका फायनलला सरांनी भरातल्या युवराजला बाहेर बसवून संस्थाचालकाचा पुतण्या उतरवला. सिद्धप्पा कडेनं ओरडला, "युवराजला घ्या की आत!" सरांनी ऐकलं नाही. संघ दोन गुणांनी हरला आणि दुसऱ्या दिवशी नोटीस सिद्धप्पालाच मिळाली, सरावाच्या वेळी कोर्टावर पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. पोरं मात्र पहाटे साडेपाचला त्याच्याकडंच येत.

यंदा कॉलेजची पन्नाशी. स्मरणिकेचं काम बघणारी विद्यार्थिनी संस्कृती जुने फोटो मागायला आली. त्यानं चषकाचा फोटो दिला. स्मरणिका छापून आली. सरांचा लेख होता: 'आपल्या बास्केटबॉलची खरी सुरुवात २००८ साली झाली.' फोटोत कडेचा सिद्धप्पा कापलेला. जोतिरामच्या खांद्यावरचा पंजा तेवढा राहिला होता.

तो थेट सरांच्या केबिनमध्ये गेला.

"सर, ह्यो पंजा कुणाचा हाय?"

"असेल कुणाचा तरी."

"माजा हाय."

"जागा पुरली नाही."

"चार पानं स्वतःवर लिवलीत की!"

"रिटायर व्हायला तीन महिने राहिलेत तुझे. गप बस, नाहीतर पेन्शनला हेलपाटे घालशील."

समारंभाला जोतिराम पाहुणा होता, आता श्रीपूरच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं माइकवरूनच सांगितलं, "हा लेख धादांत खोटा आहे." सरांनी माइक ओढला, पोरं ओरडायला लागली, प्राचार्य मध्ये पडले. दुरुस्ती निघाली ती एक चिठ्ठी चिकटवून: 'सिद्धप्पा बिराजदार यांचेही सहकार्य लाभले.' सिद्धप्पानं आपल्या प्रतीवरली चिठ्ठी ओरबाडून काढली. निरोप समारंभाला तो गेलाच नाही.

महिन्याभरात शहरातल्या दुसऱ्या कॉलेजनं त्याला कोच म्हणून बोलावलं. बायको श्रीदेवी म्हणाली, "सूड म्हणून जाऊ नका."

"सूड म्हनूनच चाललोय," तो म्हणाला.

डिसेंबरात त्याच्या नव्या संघानं जुन्या कॉलेजला एकोणीस गुणांनी लोळवलं. उदयसिंह सर गाडीत बसून निघून गेले. सिद्धप्पाचा जीव गार झाला. मग त्याचं लक्ष हरलेल्यांच्या बाकाकडं गेलं. पहाटे येणारी त्याचीच चार पोरं तिथं बूट सोडत होती. त्यानं हाक मारली. एकानंही मान वर केली नाही.