कवेलूमामाने उतरवलेलं छप्पर

एखाद्या माणसावर लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यातून ज्याच्यावर लिहितो आहे, त्याच्यावर माझा राग अजून गेलेला नाही. चित्र वाकडं उतरलं तर माफ करा.

कवेलूमामा चप्पल घालून कधीच छपरावर चढला नाही. उन्हाने कवेलू, म्हणजे छपराची मातीची कौलं, तापलेले असले तरी अनवाणीच चढायचा. आई ओरडायची, "पाय भाजतीन ना गा!" तो वरून म्हणायचा, "ताई, तुह्या घराच्या डोक्शावर चप्पल घेऊन कसा चढू?" दरवर्षी पावसाळ्याआधी तो कवेलू फेरायला यायचा. फुटके काढायचा, सरकलेले नीट बसवायचा. नात्याचा नव्हता, पण आईला ताई म्हणायचा, म्हणून आमचा मामा.

प्रत्येक कवेलू तो बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा. खणखणला तर बोलका, नाही तर मुका. "कवेलू मारला का बोलते, माणूस मारला का चुप बसते," असं म्हणून स्वतःच हसायचा. त्याला हसताना पाहून आम्हीही हसायचो.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा. स्वयंपाकघरातून आभाळ दिसायला लागलं. मामा न बोलावता आला, अर्धा दिवस छपरावर फिरला आणि उतरून आईजवळ बसला. "सारे मुके झाले, ताई. तडे दिसत नाहीत, पण हायेत. एक पावसाळा नाही निघत. टिना टाक."

माझ्या हातात एक कवेलू होता. मी वाजवला. मला तो चांगला खणखणीत वाटला.

"मामा, हा तर बोलून राहिला!"

"तुहा कॉलेजचा कान हाय, भाचे. त्याले सारंच बोलल्यासारखं वाटते."

सगळे हसले. मीही हसलो.

आमच्याकडे उतरवलेले कवेलू उतरवणाऱ्याचे असतात. आई म्हणाली, "घेऊन जाय गा सारे. अंगणात ढीग राहिला तर इंचू होतीन." वर मामीसाठी साडी दिली. गाडी भरताना मामा प्रत्येक दोन कवेलूंमध्ये भाताचं तणस घालत होता. मुक्या कवेलूंना एवढं काय जपायचं, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

टिनाच्या पत्र्यांखाली नागपूरचा उन्हाळा कसा जातो, ते सांगायला नको. दुपारी पुस्तक घेऊन मी कडुनिंबाखाली बसायचो. आई चूल बाहेर मांडायची आणि म्हणायची, "गळण्यातून तर वाचलो." मामा पुन्हा आला नाही. टिना फेराव्या लागत नाहीत, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

गेल्या आठवड्यात काटोलची मावशी डोळे दाखवायला धंतोलीतल्या दवाखान्यात आली, ती आमच्याकडे उतरली. तिकडे काटोलच्या रस्त्यावर खेड्याच्या थाटाचं नवं हॉटेल झालं आहे. तिथे ती बारशाला गेली होती. छप्पर जुन्या कवेलूंचं. कवेलूमामा तिथेच कामाला आहे.

"त्यानंच मले बोट करून दाखवलं," मावशी म्हणाली. "म्हणे, हे तुह्या बहिणीच्या घरचे. असे आता भेटत नाहीत म्हणे. लाज नाही वाटली वं त्याले!"

आई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं,

"पाण्यात गळते का वं ते?"

"नाही वं," मावशी म्हणाली. "भर पावसात बसलो होतो आम्ही. एक थेंब नाही."