जाऊबाईंचा बाण

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज भरदार. पण घरात तो त्यांना कधी मोकळेपणी वापरता आला नाही. सासूबाई होत्या तोवर घरात एकच आवाज चाले, सासूबाईंचा. त्या गेल्या आणि भाऊजी नोकरीतून मोकळे होऊन घरी बसले, तर त्यांचा रेडिओ सुरू झाला. शेवटी जाऊबाई रस्त्यावर उतरल्या. लोकांना जुनं शहर पायी फिरवून दाखवायला लागल्या.

शहर म्हणजे युद्धातलं. ते युद्ध आम्ही दोघींनी पाहिलेलं नाही. सासूबाई तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. भोंगा वाजला की दिवे मालवायचे, तळघर गाठायचं आणि वरून विमानं जाईपर्यंत श्वास धरून बसायचं. हे सगळं त्यांनी जाऊबाईंना भाजी निवडता निवडता सांगितलं. जाऊबाईंना स्वतःची आई आठवतच नाही. लग्न होऊन आल्या त्या सासूबाईंनाच चिकटल्या. मी उशिरा आले, मला सासूबाई फार लाभल्या नाहीत. काही विचारलं की म्हणायच्या, "तिला विचार, मी तिला सगळं सांगून ठेवलंय."

रविवारी सकाळी घड्याळाच्या मनोऱ्याखाली लोक जमतात. जाऊबाई लाल छत्री उंच धरतात, ऊन असो नसो. मी सगळ्यांच्या मागून चालते. कोणी फोटो काढत रेंगाळलं की त्याला पुढे काढायचं, हे माझं काम.

"ही माझी धाकटी जाऊ," जाऊबाई ओळख करून देतात. "हरवलात तर हिला सापडाल. मी मागे वळून बघत नाही."

पाण्याची जुनी टाकी, धान्यासाठी रांग लागायची ते दुकान (आता तिथे मोबाइल मिळतात), काचा उडालेलं पोस्ट, असं करत सगळे एका चढाच्या गल्लीशी येतात. तिथे जाऊबाई सगळ्यांना डोळे मिटायला लावतात. एकामागे एक उभं राहायचं, उजवा हात भिंतीला, डावा पुढच्याच्या खांद्यावर. "दिवे नसत तेव्हा माणसं अशीच चालायची. घाबरू नका, खड्डा आला तर मी सांगेन."

एकदा एक गृहस्थ म्हणाले, "आणि तुम्हीच खड्ड्यात पडलात तर?"

"तर तुम्हाला आवाजावरून कळेल."

डोळे उघडले की समोर बाण. कुलूपवाल्याच्या घराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचा, हातभर लांब, लपायची जागा दाखवणारा. तिथे जाऊबाईंचा आवाज खाली यायचा. "माझ्या सासूबाईंचे दिवस भरलेले होते. भोंगा झाला, गल्लीत काळोख, त्यात कळा सुरू. हात लावत लावत आल्या आणि हा बाण दिसला." बोलत बोलत त्या बाणाच्या रोखाने उजवीकडे, उताराने परत खाली निघायच्या. लाँड्रीपाशी थांबायच्या, पायऱ्या उतरून तळघरात सगळ्यांना न्यायच्या. तिथे चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून आमचे भाऊजी बसलेले असायचे. "आणि इथे हे जन्मले."

लोक टाळ्या वाजवायचे. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. भाऊजी कपाळाला हात लावायचे. "ही मला दर रविवारी जन्माला घालते."

आता बाणाची गोष्ट. सासूबाई बाणाविषयी कधी काही बोलल्या नव्हत्या. त्या गेल्यानंतर जाऊबाईंना तो त्या भिंतीवर दिसला, पुसट, ओल आल्यासारखा. लोकांना दाखवायला लागल्या तर लोक विचारायचे, कुठे आहे? दिसत नाही. म्हणून दर वर्षी एकदा, गल्लीला जाग यायच्या आत, जाऊबाई खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग आणि एक बारका ब्रश घेऊन जायच्या आणि बाणावरून हात फिरवून यायच्या. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. देवाची मूर्ती आपण रोज पुसतो, तसंच हे, असं मी धरून चालले होते. भाऊजी तेवढे चिडवायचे. "दगडाला शेंदूर फासला की देव होतो, तसं चाललंय तुझं."

"मग लोकांना काय ओल दाखवू?" जाऊबाई म्हणायच्या.

तर झालं असं की ओल खरोखरच आली. कुलूपवाला भला माणूस. तो एक दिवस दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, भिंत आतून भिजतेय. महिनाअखेर प्लास्टर करणार आहे. तुमचा बाण जाईल."

जाऊबाई घरी येईपर्यंत छत्री मिटायची विसरल्या. मग त्यांनीच धावपळ केली. जुन्या वास्तूंचं एक कार्यालय आहे, तिथे गेल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, खूण युद्धातली असेल तर तेवढ्या तुकड्यावर काच बसवता येईल, घरमालकाला तसं कळवता येईल. पण आधी बघावी लागेल. रविवारी तुमच्या फेरीबरोबरच येते.

शनिवारी दुपारी जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

"अगं, त्या विचारतील."

"काय?"

"रंग कुणी दिलाय ते."

"नाही विचारलं तर?"

"डोळे आहेत त्यांना. भिंत एवढी काळी नि बाण दुधासारखा." मग म्हणाल्या, "खरं सांगितलं तर बाण जातो. आणि गप्प बसले तर सासूबाईंच्या नावावर खोटं रेटल्यासारखं होतं. तूच सांग."

मला एवढं दिसत होतं की सासूबाईंची पातेली झिजून गेली, त्यांचा पलंग भाऊजींनी विकला, आणि जाऊबाईंनी जपून ठेवलेलं म्हणावं तर तो बाणच होता. देवापुढे दिवा लावायला अजून वेळ होता, पण मी उठून लावला. जाऊबाईंनीही हात जोडले आणि गेल्या. चहा मी प्यायले, थंड.

रविवारी कार्यालयातल्या बाई आल्या. बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी. इतरांसारख्याच रांगेत चालल्या, डोळे मिटा म्हटल्यावर त्यांनीही मिटले. मला वाटलं, बाई चांगल्या दिसतात, तेव्हा फसवणं आणखीच जड जाणार.

बाणापाशी जाऊबाईंनी सुरुवात केली. "माझ्या सासूबाईंचे दिवस..." आणि थांबल्या. छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"बाई, हा बाण मी रंगवते. दर वर्षी. खालचा जुना आहे, पण वरचा माझा आहे."

रांगेतला एक तरुण बायकोच्या कानाशी म्हणाला, "म्हणजे खोटा?" पण गल्ली अरुंद, सगळ्यांना ऐकू गेलं. जाऊबाईंनाही.

कार्यालयातल्या बाई भिंतीजवळ गेल्या. "किती थर असतील?"

"मोजले नाहीत. सासूबाई गेल्यापासून."

त्यांनी पिशवीतून पातळ पातं काढलं आणि बाणाच्या कडेला हलकेच घातलं. उकडलेल्या अंड्याचं टरफल सुटावं तसा रंगाचा तुकडा सुटला. खाली करडा पांढरा, जुना रंग. त्या हसल्या. "तुमच्या रंगाने ऊनपाऊस स्वतःच्या अंगावर घेतलाय. खाली जुना शाबूत आहे. हा युद्धातलाच."

कुलूपवाला दारात उभा होता, त्याने टाळी वाजवली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. जाऊबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

बाई मात्र खरवडत राहिल्या. उजवीकडे, जिथे बाणाचं टोक, तिथला रंग सुटला आणि खाली काहीच निघालं नाही. नुसती भिंत. मग त्या डाव्या अंगाला गेल्या, शेपटाकडे. तिथला तुकडा पडला आणि खालून दोन तिरप्या रेघा निघाल्या. टोक तिथे होतं. बाण वर दाखवत होता, चढाकडे.

"शाळेकडे," बाई म्हणाल्या. "शाळेखाली मोठं तळघर होतं. या भागासाठी तेच ठरवून दिलेलं. लाँड्रीचं तळघर असणार, पण ती लपायची जागा नव्हती."

जाऊबाई भिंतीकडे बघत राहिल्या. "टोक मला दिसतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसती रेघ होती. सासूबाई लाँड्रीत बाळंत झाल्या, लाँड्री उजवीकडे. म्हणून टोक मी उजवीकडे दिलं."

आणि त्यांनी छत्री खाली केली. इतक्या वर्षांत ती खाली आलेली मी पाहिली नव्हती. बाण वाचला होता. पण त्याच्या मागोमाग सासूबाई चालत गेल्या, ही गोष्ट गेली होती.

लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी छत्री घेतली आणि म्हटलं, "चला, पुढे लाँड्री आहे." जाऊबाई सगळ्यांच्या मागून आल्या, माझ्या जागी.

तळघरात भाऊजी शर्टाची कॉलर नीट करून बसले होते. छत्री माझ्या हातात बघून म्हणाले, "हे काय? आज मालकीणबाई संपावर?"

मी थोडक्यात सांगितलं. टोक उलट निघालं, बाण शाळेकडे होता. भाऊजींनी तोंडाचा आ केला. मग खुर्चीतून उठून उभे राहिले.

"म्हणजे आई खरं बोलत होती!"

"काय खरं?" जाऊबाई मागून म्हणाल्या.

"ती मला सांगायची. गल्लीतलं एकूण एक माणूस वर पळत होतं आणि मी एकटी त्यांच्या अंगावरून खाली. लोक ओरडत होते, अगं इकडे, इकडे! पण चढ चढवेना. इथे लाँड्रीवाली तेवढी होती. कढत पाणी वाया जाईल म्हणून भोंगा झाला तरी हलली नव्हती. गरम पाणी, धुतलेल्या चादरी, आणखी काय हवं? तू बाण दाखवायला लागलीस आणि मला वाटलं, आईने पदरचं घातलं असणार. बाण इकडे असताना माणसं तिकडे कशाला पळतील?"

"हे मला कधी सांगितलं नाहीत!"

"तुझा बाण एवढा पांढराशुभ्र. मला आईच खोटी वाटली."

"पण मला त्या स्वतः का नाही म्हणाल्या? मला एवढंच म्हणाल्या, लाँड्रीत उतरले नि हा झाला."

"सुनेला कोण सांगेल?" भाऊजी म्हणाले. "सगळी गल्ली ओरडत होती तरी मी ऐकलं नाही, असं तिने तुला सांगितलं असतं, तर घरात तू तिचं ऐकलं असतंस?"

कार्यालयातल्या बाईच आधी हसल्या. मग सगळे. जाऊबाई हसल्या, आणि हसता हसता चादरींच्या गठ्ठ्यावर बसून डोळे पुसायला लागल्या. भाऊजींनी स्वतःची खुर्ची सरकवून त्यांना दिली.

कुलूपवाल्याने भिंतीला गिलावा करून घेतला, बाणापुरता तुकडा सोडून. त्यावर काच आहे. बाण आता पुसट दिसतो, आणि लोक पुन्हा विचारतात, कुठे आहे? जाऊबाई रुमालाने काच पुसतात आणि म्हणतात, "थांबा जरा. दिसेल." ब्रश त्यांनी मला दिला, मी खिडक्यांना वापरते.

बाणापाशी थांबून झालं की आता त्या रांग मोडू देत नाहीत. डोळे पुन्हा मिटायला लावतात आणि सगळ्यांना बाणाच्या रोखाने चढावर घेऊन जातात. दम लागायला लागला की मध्येच म्हणतात, "आता वळा." सगळे वळले की जी शेवटी ती पहिली होते. म्हणजे मी. लोकांचे हात माझ्या मागे एकेकाच्या खांद्यावर, आणि मी भिंत चाचपत उताराने लाँड्रीकडे निघते. मला झपझप पाय उचलायची सवय आहे. मग वरून, सगळ्या रांगेच्या डोक्यावरून, तो भरदार आवाज येतो.

"हळू गं! दिवस भरलेत तुझे!"