वेसाकच्या सकाळी मी काढलेली उकड

"आई, फिरायला ये" म्हणून सुहास दोन वर्षं मागे लागला होता आणि दोन वर्षं मी काहीतरी कारण काढून टाळत होते. कधी गुडघे, कधी आंब्याच्या पेट्या, कधी शेजारचं लग्न. सुहास माझा मुलगा, सिंगापूरला आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर. मग एप्रिलमध्ये सुनेचा, प्रज्ञाचा फोन आला.

"आई, शेजारच्या सोमजित आंटींचा हात मोडलाय. मनगटाला प्लास्टर आहे. वेसाकला वाटात न्यायचं गोड यंदा राहणार म्हणून रडत होत्या. सगळं नारळाचं काम आहे हो, मला एकटीला नाही झेपायचं."

मी विचारलं, "तिकीट किती पडेल?"

वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा आणि वाट म्हणजे थाई विहार. सोमजित मूळची थायलंडची, लग्न होऊन सिंगापूरला आलेली. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. तेव्हापासून दर वेसाकला ती घरी शंभर खनोम तोम, म्हणजे नारळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, करते आणि नवऱ्याच्या नावाने भिक्खूंना दान देते. एकही वर्ष चुकलेलं नाही. आदल्या वर्षी प्रज्ञाला डेंग्यू झाला तेव्हा ह्याच बाईने पंधरा दिवस तिला पेज करून घातली होती. मी पनवेलला बसून नुसती फोनवर रडत होते. ते ओझं डोक्यावर होतंच, त्यामुळे गुडघे गेले खड्ड्यात आणि मी निघाले.

मुंबईहून साडेपाच तासांचं विमान. मी खिडकीशी बसून एक मिनिट झोपले नाही. चांगी विमानतळावर कार्पेट बघून चप्पल काढावी की काय असं वाटलं. (काढली नाही. सुहास सगळ्यांना सांगतो की काढली.) जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: सुती कपडेच न्या, उकाडा थेट कोकणातला आहे. आणि एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड पहिल्याच दिवशी घ्या, मग कोणाची मिनतवारी करावी लागत नाही.

दारात सोमजित उभी. बुटकी, हसरी, प्लास्टर गळ्यात अडकवलेलं. उजव्या हाताला प्लास्टर, म्हणून डावाच हात छातीशी नेऊन मान लववली. मी "जय भीम" म्हणून मोकळी झाले, मग लक्षात आलं, पण तिनेही तितक्याच आदराने "चय पीम" म्हटलं. आमचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. मी पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलीत. अर्धं ऐकून पूर्ण समजण्याची सवय आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी खरेदीला बीच रोडला गेलो. तिथे एक जुनी इमारत आहे, आत शिरलं की सगळं थायलंड. पाट्या थाई, गाणी थाई, मिरच्या बघूनच ठसका लागावा अशा. मी तर जत्रेत सोडलेल्या पोरीसारखी झाले होते. सोमजितने पिठाची पाकिटं दाखवून बजावलं: हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं, लाल अक्षरांचं साध्या तांदळाचं. आपल्याला हिरवं. तीन पाकिटं, ताडाचा गूळ, पांदानची पानं. ही पानं वाटून पाणी गाळलं की हिरवागार रंग येतो आणि वास अगदी आंबेमोहोर भाताचा. मी दुकानातच पानं नाकाला लावून उभी राहिले. खाली जेवलो. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, चार डॉलर. रुपयांत हिशेब करू नका, घास उतरत नाही.

वेसाकच्या आदल्या दिवशी सारण केलं. खवलेला नारळ आणि ताडाचा गूळ, मंद आचेवर. मी परतत होते आणि सोमजित डाव्या हाताने बोट दाखवत होती. एवढ्यात तिने चमचाभर चाखलं आणि माझ्याकडे बघितलं.

"यू डू बिफोर?"

"फिफ्टी इयर्स," मी म्हटलं. माझं माहेर महाडचं. हे सारण मला कोणी शिकवावं, छे. तिथेच माझ्या डोक्यात हवा गेली.

कृती अशी: पिठात पांदानचं पाणी घालून मळायचं, सुपारीएवढी गोळी घ्यायची, चपटी करून सारण भरायचं, वळायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं. वर तरंगलं की झालं. मग किंचित मीठ लावलेल्या ओल्या खोबऱ्यात घोळवायचं. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून सगळं अकराच्या आत वाटात पोचायला हवं.

वेसाकच्या दिवशी मी पहाटेच सोमजितच्या स्वयंपाकघरात हजर. ती तिच्या खोलीत प्रार्थनेला बसली होती. म्हटलं, ती येईपर्यंत पीठ तरी तयार करून ठेवू. आता तांदळाचं पीठ समोर आलं की कोकणातली बाई काय करते? पाण्याला आधण ठेवते. मी पांदानचं सगळं पाणी उकळलं, दोन पाकिटं त्यात रिचवली, झाकण ठेवलं आणि वाफ आणली. आई शिकवायची तशी झक्क उकड.

झाकण काढलं तर आत खळ. पतंगाची खळ. उलथनं घातलं ते बाहेर येईना. हात घातला तर हातही येईना. प्रज्ञा आली, तिने बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, हे थंड पाण्यात मळायचं होतं ना?"

सहा वर्षं न चुकलेलं दान, आणि ते बुडवायला मी विमानाचं तिकीट काढून आले होते.

सोमजित बाहेर आली. पातेल्यात डोकावली. मी "सॉरी, सॉरी" करत होते, डोळ्यांतून पाणी, हातांना खळ, पुसायची सोय नाही. तिने डाव्या हाताने एक चिमूट तोडली, ताणली. ती चांगली वीतभर लांब झाली.

"स्ट्राँग," ती म्हणाली. "वन मोर पॅकेट हॅव, राइट? पुट इन. ट्राय लाह."

उरलेलं तिसरं पाकीट कोरडंच त्यात ओतलं. मी आणि प्रज्ञा दोन्ही बाजूंनी मळत सुटलो, पाट्यावर वाटण वाटावं तसं अंगाचा जोर लावून. दहा मिनिटांत त्या खळीचा गोळा झाला. लोण्यासारखा मऊ, कडेला एक भेग नाही. पहिला खनोम तोम पाण्यात सोडला तेव्हा तिघी पातेल्यावर वाकलो होतो. तो तळाला बसला, थोडा हलला आणि टुणकन वर आला. सोमजितने तो फुंकून खाल्ला.

"एव्हरी इयर माइन क्रॅक," ती म्हणाली. "दिस वन, नो क्रॅक."

मी डोळे पुसले आणि नाकाला खळ लागली. मग सुहासला उठवून खोबरं लावायला बसवला. एकशे चार झाले, त्यातले चार त्यानेच खाल्ले.

टॅक्सीची रांग मोठी होती, तरी बुकित मेराहच्या वाटात साडेदहाला पोचलो. पांढरे कपडे घातलेली माणसं, उदबत्तीचा वास, आणि भिक्खूंनी त्रिसरण सुरू केलं. चाल वेगळी, शब्द आमचेच. मी जोरात म्हणू लागले. शेजारच्या थाई बाईने वळून बघितलं आणि माझ्यासाठी चटईवर जागा केली.

दान दिल्यावर तिथे एक रीत आहे. भिक्खू पठण करतात तेव्हा छोट्या भांड्यातून पाण्याची धार सोडायची आणि गेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. ओतणाऱ्याला हात लावून बसलेल्यालाही ते पुण्य पोचतं. सोमजितला डाव्या हाताने भांडं धरवेना. तिने माझा हात भांड्याखाली घेतला आणि विचारलं, "यू ऑल्सो हॅव समवन?"

"मदर," मी म्हटलं. "हॉट वॉटर, शी टीच."

"नेम?"

"सीताबाई."

तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग आम्ही दोघींनी मिळून पाणी ओतलं.

परत येऊन आता वर्ष झालं. पनवेलला हिरव्या अक्षरांचं पीठ मिळत नाही, बॅगेतून आणलेली दोन पाकिटं मी जपून वापरली. एक बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खिरीबरोबर. बायकांनी सारण ओळखलं, पारी कोणालाच ओळखता आली नाही, आणि मी भाव खाल्ला. बाकी सिंगापूरचं पुष्कळसं आता विसरत चाललेय, बागा कुठल्या, बस कुठली.

यंदाच्या वेसाकला दुपारी फोन वाजला. सोमजित. हात बरा झालाय, शंभर एकटीने केले, असं सांगत होती.

"हाफ फ्लावर, हॉट वॉटर," ती म्हणाली, म्हणजे अर्ध्या पिठाची माझ्यासारखी उकड काढली. "नो क्रॅक."

मी म्हटलं, मग यंदा पाणी ओतायला कोणाची मदत लागली नसेल.

"नो नीड. बट टू नेम आय से," ती म्हणाली. "माय हस्बंड. अँड सीताबाई."