बेन रडतात तेव्हा

इंग्लंडात लेस्टरमधल्या ज्या फरसाणच्या कारखान्यात मी काम करते, तो आधी मालकिणीचे सासरे बघायचे. ते ओरडायचे. शेव जाड पडली तर बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जायचं. पण त्या आरडाओरड्यात आमचं बोलणंही खपून जायचं. "काका, तेल काळं झालंय, बदला," असं एकीने तोंडावर सांगितलं, तर ते बराच वेळ बडबडले आणि तेल बदललं.

ते थकले आणि सून कामावर येऊ लागल्या. त्यांना आम्ही बेन म्हणतो, म्हणजे गुजरातीत बहीण. बेन आवाज चढवत नाहीत. कुणाला ताप आला तर घरी खिचडी पाठवतात. पण काही तक्रार केली की त्यांचे डोळे भरून येतात. "मी तुम्हाला बहिणी मानते, आणि तुम्ही माझ्याशी असं बोलता?" मग एक जण पाणी आणते, एक पाठीवरून हात फिरवते, आणि तक्रार करणारीच सॉरी म्हणते.

"सुटला बघ नळ," माझ्या शेजारी तळणाऱ्या सोलापूरच्या बाई पुटपुटायच्या. त्यांना दमा आहे. धूर ओढणारा पंखा हिवाळ्यापासून बंद होता. त्यांनी बेनना सांगून पाहिलं, आणि शेवटी बेनचे डोळे त्यांनाच पुसावे लागले.

मी चारचौघींत कधी तोंड उघडत नाही. पण एका सकाळी त्या बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. दम्याचा पंप ओढला तरी श्वास येईना. बऱ्याच वेळाने आला. मी कढईखालचा गॅस बंद केला आणि बेनच्या ऑफिसात गेले.

"बेन, पंखा चालू होईपर्यंत मी तळणार नाही."

त्यांचे डोळे भरले. "तूसुद्धा? तू तर किती शांत आहेस."

माझ्यामागून आलेली एक जण पाणी आणायला वळली. मी तिचा हात धरला.

"राहू दे गं. रडू दे त्यांना. मी थांबते."

आणि थांबले. समोर कुणी रडत असताना नुसतं उभं राहणं फार जड जातं. सॉरी अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बेननी टिश्यू घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डोळ्यांना लावला. मी हलले नाही. मग त्यांनी इलेक्ट्रिशियनला फोन केला.

आता पंखा चालतो. बेन माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बाकीच्या म्हणतात, "त्यांचं मन दुखावलंय, जाऊन माफी माग."

दुखावलं असेल. माफी मी मागणार नाही.